पस्तीस वर्षांचे जहाज, पस्तीस सेकंदांचा इशारा

मराठीत आरमारावरचे लेखन बहुधा दोन टोकांना आढळते. एका टोकाला सिंधुदुर्ग आणि कान्होजी आंग्रे, दुसऱ्या टोकाला १९७१ चा कराचीवरचा हल्ला. त्यानंतरच्या अर्धशतकात युद्धनौका बदलली कशी, आकाशातून येणाऱ्या माऱ्यापासून ती स्वतःला वाचवते कशी आणि जुनी झाली की तिचे काय करतात, याबद्दल वर्तमानपत्रातल्या चौकटींपलीकडे फारसे हाती लागत नाही. विषय मात्र दूरचा नाही. माझगावच्या गोदीत विनाशिका बांधल्या जातात, मुंबईच्या नौदल गोदीत त्या उघडून पुन्हा उभ्या केल्या जातात, आणि त्यांच्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या कामात पुण्यातल्या संरक्षण संशोधन संस्थेचाही हात असतो. या कामावर घर चालणारी किती तरी मराठी कुटुंबे मुंबईत आहेत. म्हणून हे पुस्तक मराठीत येते आहे याचे अप्रूप वाटण्यापेक्षा ते इतक्या उशिरा येते आहे याचेच नवल वाटते.

पुस्तकाचा विषय दुपदरी आहे. जहाजावरून डागायची हवाई संरक्षण क्षेपणास्त्रे घडवणे हा एक पदर, आणि पाण्यात उतरून वीस-पंचवीस वर्षे झालेल्या जहाजांना ती पेलण्याजोगे बनवणे हा दुसरा. पहिल्याची बातमी होते, कारण चाचणीचे छायाचित्र सुंदर येते. दुसऱ्याची होत नाही, कारण सुक्या गोदीत दोन-तीन वर्षे उभ्या असलेल्या, ठिकठिकाणी कापलेल्या जहाजाचे छायाचित्र कुणी छापत नाही. पण जगातल्या कोणत्याही नौदलाचा ताफा एका वेळी नवा कोरा नसतो. ‘आयएनएस राजपूत’ १९८० मध्ये दाखल झाली आणि २०२१ मध्ये निवृत्त झाली, म्हणजे ४१ वर्षे सेवेत होती. तेवढ्या काळात तिच्यावर चालून येऊ शकणाऱ्या अस्त्रांच्या दोन-तीन पिढ्या उलटल्या. जहाजाचे आयुष्य मोठे आणि धोक्याचे आयुष्य छोटे, या विजोड जोडीतून या क्षेत्रातले बहुतेक प्रश्न निघतात.

नव्या वाचकाने सुरुवातीलाच एक छोटा हिशेब करून पाहावा. जहाजाचे रडार पाण्यापासून २५ मीटर उंचीवर आहे आणि शत्रूचे क्षेपणास्त्र लाटांवरून जेमतेम ५ मीटर उंचीने येते आहे, असे धरू. पृथ्वीच्या गोलाईमुळे ते रडारला दिसू लागते सुमारे ३० किलोमीटरवर. त्याआधी रडार कितीही ताकदीचे असले तरी क्षितिजाआडचे त्याला दिसत नाही. क्षेपणास्त्राचा वेग ध्वनीच्या थोडा खाली असेल तर जहाजाच्या हाती साधारण शंभर सेकंद असतात. ध्वनीच्या अडीचपट असेल तर पस्तीस. एवढ्यात ते ओळखायचे, ते पक्ष्यांचा थवा किंवा आपलेच हेलिकॉप्टर नाही याची खात्री करायची, क्षेपणास्त्र नेमून द्यायचे, डागायचे, नेम चुकला तर दुसरे डागायचे. या विषयावरचे यच्चयावत तंत्रज्ञान या पस्तीस सेकंदांत आणखी दोन-चार सेकंदांची भर घालण्यासाठी जन्माला आले आहे.

इतिहास पाहिला तर एक गंमत दिसते. जुन्या जहाजाची सुधारणा हा या क्षेत्रातला नंतरचा, दुय्यम उद्योग आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात क्षेत्राची सुरुवातच तिथून झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी आत्मघातकी विमानांनी अमेरिकी नौदलाला दाखवून दिले की नुसत्या तोफांनी आता भागणार नाही. त्यातून ‘बंबलबी’ हा प्रकल्प उभा राहिला आणि पुढे टॅलोस, टेरियर, टार्टर ही तीन क्षेपणास्त्रे निघाली. पण ती बसवायची कुठे? महायुद्धात लढलेल्या ‘यूएसएस बॉस्टन’ या क्रूझरचा मागचा तोफबुरूज काढला, तिथे टेरियरचे लाँचर बसवले आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये ती पुन्हा सेवेत आली. जगातली पहिली क्षेपणास्त्रधारी क्रूझर ही अशी दुरुस्त केलेली जुनी नौका होती.

हाच प्रयोग रशियनांनी ‘झेर्झिन्स्की’ या क्रूझरवर केला. त्यांनी जमिनीवरचे भले मोठे, द्रवइंधनाचे एस-७५ क्षेपणास्त्र जहाजावर चढवले. ते इतके अवजड ठरले की दुसऱ्या जहाजावर ते कधी गेलेच नाही. उलट एस-१२५ या आटोपशीर क्षेपणास्त्राची नौदली आवृत्ती ‘वोल्ना’ डझनावारी जहाजांवर बसली आणि पुढे आपल्या राजपूत वर्गाबरोबर भारतातही आली. ब्रिटिशांनी ‘सीस्लग’ या क्षेपणास्त्राभोवती अख्खे जहाज बेतले, तर ‘सीकॅट’ मुद्दाम इतके लहान ठेवले की विमानविरोधी तोफ काढून त्याच जागी ते बसावे. सीकॅट हाताने दांडी फिरवून, डोळ्यांनी पाहत लक्ष्याकडे न्यावे लागे. तरी जुन्या लहान जहाजांवर ते सहज बसत असल्याने अनेक नौदलांनी ते घेतले. यंत्र किती उत्तम आहे याच्या बरोबरीने ते आपल्या जहाजावर मावते का हाही प्रश्न निर्णायक असतो, हे तेव्हापासून वारंवार दिसत आले आहे.

जहाजावर मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राने आपला हिसका दाखवला तो ऑक्टोबर १९६७ मध्ये. इजिप्तच्या छोट्या बोटींनी ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्रांनी इस्रायलची विनाशिका ‘एलात’ बुडवली. चार वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, भारतीय क्षेपणास्त्र बोटी कराचीसमोर पोहोचल्या. ‘निर्घात’ने डागलेले स्टिक्स अंधारातून ‘पीएनएस खैबर’कडे झेपावले तेव्हा तिच्यावरच्या लोकांना तो विमानाचा उजेड वाटला. त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या, आणि तडाखा बसल्यावर विमानहल्ला झाल्याचाच संदेश पाठवला. दुसऱ्या क्षेपणास्त्राने जहाज बुडाले. एलात आणि खैबर या दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश बनावटीच्या विनाशिका होत्या. जुन्या काळच्या या जहाजांना नवे अस्त्र रोखता आले नाही, आणि खैबरला तर ते ओळखताही आले नाही. आपण तो विजय साजरा करतो ते योग्यच. पण त्या रात्री खैबरवर जे झाले ते उद्या आपल्या जहाजावर होऊ नये, यासाठीची खटपटही त्याच घटनेतून समजून घ्यावी लागते.

१९८२ चे फॉकलंड युद्ध या क्षेत्राची पाठशाळा मानले जाते. ४ मे रोजी ‘एचएमएस शेफील्ड’वर ‘एक्झोसेट’ क्षेपणास्त्र आदळले. जहाज त्या वेळी उपग्रहाद्वारे संदेश पाठवत होते आणि त्या प्रक्षेपणामुळे शत्रूचे रडार टिपणारे उपकरण काही काळ आंधळे झाले होते. २५ मे रोजी ‘कव्हेंट्री’ आणि ‘ब्रॉडस्वर्ड’ जोडीने उभ्या होत्या. पहिलीकडे लांब पल्ल्याचे ‘सी डार्ट’, दुसरीकडे जवळच्या माऱ्याचे ‘सी वुल्फ’. विमाने येताना कव्हेंट्रीने वळण घेतले, ती ब्रॉडस्वर्डच्या आणि लक्ष्याच्या मधे आली, सी वुल्फची पकड सुटली आणि कव्हेंट्री बुडाली. दोन्ही प्रसंगांत घात झाला तो उपकरणांच्या आणि जहाजांच्या आपसातल्या मेळात. त्या ताफ्याचे प्रमुख जहाज ‘हर्मिस’ १९८७ मध्ये ‘विराट’ होऊन आपल्याकडे आले. हर्मिसवर सीकॅट होते, विराटवर पुढे इस्रायली ‘बराक’ बसले. एकाच सांगाड्याने या शस्त्राच्या दोन पिढ्या पाहिल्या.

या सगळ्या घडामोडींतून विचारांचे ढोबळमानाने तीन प्रवाह तयार झाले. पहिला प्रवाह क्षेत्र-संरक्षणाचा. एका बलाढ्य जहाजाने लांबूनच आकाश राखायचे आणि ताफ्यातल्या इतरांवर छत्र धरायचे. १९८३ मध्ये ‘टिकॉन्डेरोगा’वर आलेली अमेरिकेची ‘एजिस’ यंत्रणा हे त्याचे ठळक उदाहरण. न फिरणारी, चारही दिशांना बसवलेली रडारची तबके, एक मध्यवर्ती संगणक आणि ‘स्टँडर्ड’ क्षेपणास्त्रे. दुसरा प्रवाह स्वसंरक्षणाचा. प्रत्येक जहाजाकडे स्वतःपुरते, जवळच्या पल्ल्याचे, चटकन डागता येणारे शस्त्र हवे. सी वुल्फ, रशियाचे ‘ओसा-एम’, इस्रायलचे ‘बराक-१’ ही या घराण्यातली. तिसरा प्रवाह फसवणुकीचा. धातुमिश्रित तंतूंचे ढग, म्हणजे चॅफ, हवेत सोडायचे, शत्रूच्या शोधकाला चकवायचे, त्याचे रडार बधिर करायचे. हा प्रवाह सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी चर्चेतला. शहाणी नौदले तिन्ही प्रवाह एकत्र वापरतात. वाद असतो तो पैसा आणि जागा कुणाला किती द्यायची याचा.

क्षेपणास्त्राला लक्ष्यापर्यंत नेण्याच्या पद्धतीही अशाच बदलत गेल्या. आधी जहाजावरून सतत आज्ञा द्याव्या लागत. मग जहाजावरचे रडार लक्ष्यावर झोत टाकी आणि क्षेपणास्त्र त्याच्या परावर्तनाचा माग काढी. त्यात अडचण अशी की जितके झोत तितकीच लक्ष्ये. म्हणूनच ‘आयएनएस दिल्ली’वर ‘श्तिल’ क्षेपणास्त्रांसाठी अशी झोत टाकणारी सहा रडारे आहेत. आता क्षेपणास्त्राच्या नाकातच स्वतःचे रडार असते, आणि फिरत्या लाँचरऐवजी डेकखालच्या उभ्या नळकांड्यांतून ते सरळ वर उडते. लाँचर वळवायला जाणारे काही सेकंद त्यामुळे वाचतात.

भारताची कहाणी या जागतिक चौकटीत बसते, पण तिची स्वतःची एक कळ आहे. १९७२ मध्ये माझगावहून दाखल झालेल्या पहिल्या ‘निलगिरी’वर सीकॅट होते. १९८३ च्या ‘गोदावरी’वर भारतीय आराखड्याच्या जहाजात रशियन क्षेपणास्त्रे आणि पाश्चात्त्य उपकरणे एकत्र नांदवली गेली. हे काम दिसते त्याहून फार अवघड होते आणि भारतीय नौदलाच्या आराखडाकारांची खरी शाळा तीच ठरली. त्याच १९८३ मध्ये एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रम सुरू झाला. त्यातले ‘त्रिशूल’ हे सुमारे ९ किलोमीटर पल्ल्याचे क्षेपणास्त्र जहाजांनाही मिळणार होते. ब्रह्मपुत्रा वर्गाच्या फ्रिगेट त्याच भरवशावर आखल्या गेल्या. त्रिशूल काही वेळेत तयार झाले नाही, आणि २००० मध्ये ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्राविनाच सेवेत आली. कारगिल युद्धानंतर घाईने बराक-१ विकत घेतले गेले आणि ते विराट, ब्रह्मपुत्रा, गोदावरी, दिल्ली, रणवीर अशा निरनिराळ्या वयाच्या आणि जातीच्या जहाजांवर बसवले गेले. त्या खरेदीवरून राजकीय गदारोळ झाला, सीबीआयची चौकशी वर्षानुवर्षे चालली आणि २०१३ मध्ये बंद झाली. त्या गोंधळात मूळ मुद्दा मागे पडला. क्षेपणास्त्र घडवणारे आणि जहाज बांधणारे वेगवेगळ्या वेळापत्रकांवर चालले, तर मधल्या काळात समुद्रावर असणाऱ्या माणसांनी काय करायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे २००६ मध्ये इस्रायलबरोबर हाती घेतलेले ‘बराक-८’. सुमारे ७० किलोमीटर पल्ला, नाकात स्वतःचे रडार, आणि शेवटच्या टप्प्यात वेग टिकावा म्हणून दोनदा पेटणारी मोटर. ‘आयएनएस कोलकाता’ ऑगस्ट २०१४ मध्ये दाखल झाली आणि तिच्यावरून हे क्षेपणास्त्र पहिल्यांदा डागले गेले डिसेंबर २०१५ च्या अखेरीस. इथेही जहाज आधी, क्षेपणास्त्र मागून. पण या वेळी दरी दीड वर्षाची होती, दीड दशकाची नव्हे. मे २०१९ मध्ये ‘कोची’ आणि ‘चेन्नई’ या दोन विनाशिकांनी एकत्र मारा केला आणि दोन्ही जहाजांवरून सुटलेल्या क्षेपणास्त्रांचे नियंत्रण एकाच जहाजाने केले. कव्हेंट्री आणि ब्रॉडस्वर्ड यांना जे साधले नव्हते त्या दिशेचे हे पाऊल होते. जानेवारी २०२५ मध्ये नवी ‘निलगिरी’ सेवेत आली ती याच घराण्यातली क्षेपणास्त्रे घेऊन.

मात्र बराक-८ जुन्या जहाजांच्या समस्येवरचा तोडगा नाही. बराक-१ चे वजन शंभर किलोच्या आसपास, तर बराक-८ चे पावणेतीनशेच्या घरात आणि लांबी साडेचार मीटर. पहिले जिथे बसते तिथे दुसरे बसत नाही. म्हणून बराक-१ ची जागा घेण्यासाठी ‘अस्त्र’ या विमानातून डागायच्या क्षेपणास्त्रावर बेतलेले, उभे उडणारे कमी पल्ल्याचे क्षेपणास्त्र आपल्या संशोधकांनी हाती घेतले. फेब्रुवारी २०२१ मध्ये चांदीपूरला त्याची पहिली चाचणी झाली. सरळ वर उडाल्यावर लक्ष्याकडे झटकन वळता यावे म्हणून त्याच्या शेपटीत, धगधगत्या झोतातच, दिशा बदलणारी पाती बसवली आहेत. हैदराबादच्या प्रयोगशाळांबरोबर पुण्याच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेचाही या कामात वाटा आहे.

आता गोदीत काय घडते ते जवळून पाहू. जुन्या जहाजावर नवे क्षेपणास्त्र चढवणे म्हणजे जुन्या वाड्यात लिफ्ट बसवणे: लिफ्ट विकत मिळते, पण भिंत कुठली पाडायची आणि भार कुणी घ्यायचा याचे उत्तर दुकानदाराकडे नसते. उभ्या नळकांड्यांसाठी डेकला भोके पाडावी लागतात आणि डेक हा जहाजाच्या ताकदीचाच भाग असतो. नव्या रडारला वीज जास्त लागते, ते तापते, त्याला थंड पाणी लागते, म्हणजे जनित्रे आणि शीतयंत्रणाही बदलायची. किलोमीटरच्या किलोमीटर केबल ओढायच्या, पण जुन्या नकाशात दाखवलेली वाट प्रत्यक्षात गेल्या दुरुस्तीत कुणीतरी दुसऱ्याच पाइपने अडवलेली असते. रडार जितके उंच तितके ते लांबचे पाहते, पण उंचावर घातलेले प्रत्येक टन वजन जहाजाचा तोल बिघडवते.

म्हणून कामाच्या शेवटी एक जुनी, साधी चाचणी करतात. शांत पाण्यात जहाज सैल दोरांवर उभे करतात आणि बहुतेकांना खाली उतरवतात. जहाजाच्या पोटात लांब दोरीचा ओळंबा टांगतात. तो हेलकावू नये म्हणून त्याचे टोक तेलाच्या किंवा पाण्याच्या टाकीत बुडवलेले असते. मग डेकवर मोजून ठेवलेली वजने या बाजूने त्या बाजूला सरकवतात आणि ओळंबा किती सरकला ते पट्टीवर वाचतात. कोट्यवधी रुपयांचे रडार डोलकाठीवर राहणार की नाही, हे त्या पट्टीवरच्या मिलिमीटरवरून ठरते. काम जोखमीचेही असते. डिसेंबर २०१६ मध्ये ‘आयएनएस बेतवा’ मुंबईच्या सुक्या गोदीत कलंडली आणि दोन नौसैनिक गेले. जुलै २०२४ मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’ला दुरुस्ती चालू असतानाच आग लागली आणि तीत एका नौसैनिकाचा बळी गेला.

हा खर्च, हा धोका पत्करावा का, याचे सरसकट उत्तर नाही. अमेरिकेने १९८० च्या दशकात लीही आणि बेलनॅप वर्गांच्या क्रूझरवर मोठी सुधारणा केली. शीतयुद्ध संपले आणि त्यातली बहुतेक जहाजे काही वर्षांतच मोडीत निघाली. उलट ब्रिटिशांनी टाइप-२३ फ्रिगेटवर सी वुल्फच्या जागी ‘सी सेप्टर’ बसवताना डेकखालची जुनी जागाच वापरली आणि थोडक्या तोडफोडीत जहाजांची ताकद बरीच वाढवली. पण उपकरण बसवले म्हणजे संरक्षण झाले असेही नाही. २००६ मध्ये इस्रायलच्या ‘हानित’वर बराक होते, पण यंत्रणा चालू नव्हती. लेबनॉनच्या किनाऱ्यावरून आलेल्या क्षेपणास्त्राने तिच्यावरचे चार जण मारले. एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात बुडालेल्या रशियाच्या ‘मॉस्क्वा’वर तर लांब पल्ल्याची, जवळच्या पल्ल्याची आणि तोफांची अशी तिन्ही कवचे होती.

हा विषय आज निकडीचा झाला तो तांबड्या समुद्रामुळे. २०२३ च्या अखेरीपासून हुथींनी ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा मारा सुरू केला आणि अनेक देशांच्या युद्धनौकांना वर्षानुवर्षे केवळ सरावात वापरलेली शस्त्रे खरोखर वापरावी लागली. तिथून तीन गोष्टी समोर आल्या. स्वस्त ड्रोन पाडायला दहा-वीस लाख डॉलरचे क्षेपणास्त्र खर्च होते. उभी नळकांडी रिकामी झाली की ती समुद्रात भरता येत नाहीत, बंदर गाठावे लागते. अमेरिकेने समुद्रातच ती भरून दाखवण्याचे प्रात्यक्षिक २०२४ मध्ये केले. आणि उत्तम मानल्या गेलेल्या जहाजांची यंत्रणाही ऐनवेळी रुसू शकते. मार्च २०२४ मध्ये डेन्मार्कच्या ‘इव्हर ह्युटफेल्ट’ची क्षेपणास्त्रे सुमारे अर्धा तास डागताच येईनात. त्यावरून त्या देशाच्या सेनाप्रमुखांना पद सोडावे लागले. आपल्या बाजूलाही झळ पोहोचली. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर ‘केम प्लूटो’ या व्यापारी जहाजावर ड्रोन आदळला, जहाज मुंबईला आणले गेले, आणि नौदलाने तीन विनाशिका अरबी समुद्रात धाडल्या.

या पार्श्वभूमीवर हे पुस्तक काय करू पाहते? ते शस्त्रांची जंत्री नाही आणि गौरवगाथाही नाही. क्षेपणास्त्राचा पल्ला किती, वेग किती हे आकडे इथे येतात, पण ते जहाजाच्या वजनाशी, विजेशी, वयाशी आणि दुरुस्तीच्या वेळापत्रकाशी जोडलेले येतात. फसलेले प्रकल्प यशस्वी प्रकल्पांइतक्याच बारकाईने मांडले आहेत. त्रिशूलची हकीकत टिंगलीसाठी नाही, तर त्यातून पुढच्या पिढीने काय उचलले ते दाखवण्यासाठी आहे. गोदीतल्या कामाला प्रयोगशाळेइतकीच जागा दिली आहे, आणि माझ्या मते ही या पुस्तकाची सर्वांत मोठी कमाई आहे. गुप्ततेच्या कक्षेत येणाऱ्या गोष्टींना हात न लावता, जाहीर झालेल्या माहितीतून किती समजू शकते, याचाही हा एक नमुना आहे.

विषयाशी नव्याने ओळख करून घेणाऱ्याने तांत्रिक शब्दांना बिचकू नये. वर केलेला पस्तीस सेकंदांचा हिशेब मनात असला की बाकीचे आपोआप जागच्या जागी बसते. संरक्षणाचा खर्च शेवटी करदाताच भरतो, आणि त्याने प्रश्न विचारायला हवेत. पण ‘किती किलोमीटर?’ हा त्यातला सर्वांत बिनकामाचा प्रश्न आहे. यापुढे एखाद्या यशस्वी चाचणीची बातमी वाचाल तेव्हा हे विचारून पाहा: हे क्षेपणास्त्र कोणत्या जहाजावर बसणार, ते जहाज किती वर्षांचे, त्याला ही वीज आणि हे वजन झेपणार का, ते गोदीत कधी जाणार, आणि तोवर त्याची जागा कोण घेणार? हे पाच प्रश्न वाचकाच्या तोंडी बसले, तर लेखनाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.